पाट्याचा दगड

घर रिकामं करायच्या दिवशी, सामान उचलायला आलेल्या पोरांपैकी एकाने मोरीतून आवाज दिला, "अंकल, ये पत्थर भी जाएगा क्या?" मी फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी लावत होतो. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, जिन्यात शेजारच्यांचं कपाट अडकलं होतं आणि त्यावरून चार माणसं एकाच वेळी चार वेगळे सल्ले देत होती. मान वर न करता मी म्हणालो, "रहने दे." पोरगा खूश झाला. पंचवीसेक किलोचा ऐवज तीन जिने उतरवायचं त्याचं वाचलं. निघताना मी मोरीत डोकावलो तर त्याने वरवंटा पाट्यावर नीट आडवा ठेवला होता, वाटण धुऊन झाल्यावर आई ठेवायची तसा. का कुणास ठाऊक, त्याने तो असाच टाकून दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आई तेव्हा ठाण्याला ताईकडे होती. वरळीच्या ज्या खोलीत ती १९६४ साली लग्न होऊन आली, ती मोडताना तिने बघू नये असं आम्ही भावंडांनी परस्पर ठरवलं होतं. अंधेरीच्या भाड्याच्या घरात ती आली आणि आठवडाभर एकेका वस्तूची हजेरी घेत बसली. पितळी डबा आला का? देव्हाऱ्यातली घंटा? तुझ्या वडलांची मिलची पेटी? सगळं आलं होतं. पाट्याचं नाव मात्र तिने काढलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, 'टेम्पोत जागाच नव्हती' वगैरे. ते उत्तर तोंडात तसंच राहिलं.

खरं तर पाटा वीस वर्षं नुसताच पडून होता. मिक्सर आल्यावर त्याचं काम संपलं. शेवटी शेवटी त्यावर साबणाची वडी आणि पायाचा दगड असायचा. पण त्याआधीचा पाटा मला अंगात आठवतो. खोबरं वाटताना होणारा ओला, जड, घासटणारा आवाज. ठेच्याच्या मिरच्या घातल्या की अख्ख्या मजल्यावर एकदम सुरू होणारी शिंक. वर्षाकाठी दोनदा खालून हाक यायची, "टाकीऽऽ लावायचीय का पाट्याऽऽला!" वडारीण बाई वर यायची, पदर खोचून पाटा दोन पायांत धरायची आणि छिन्नीने टकटकटक करत त्यावर बारीक टिकल्या उमटवत जायची. मधूनच ठिणगी उडायची. जळक्या दगडाचा एक वास असतो, फटाक्याच्या जरासा जवळचा. तो मी पहिल्यांदा तिथे घेतला. टाकी लावून झाली की आई जाडं मीठ वाटून फेकून द्यायची, म्हणजे कच निघून जाते. तरी पुढचे दोन दिवस चटणीत कचकच लागायचीच, आणि वडील काही न बोलता जेवायचे. त्या काळ्या दगडात पांढरे ठिपके होते. मला लहानपणी ते खोबऱ्याचे अडकलेले कण वाटायचे. पिन घेऊन मी ते उकरायचा प्रयत्न केला होता आणि मार खाल्ला होता. पिन वाकली म्हणून, दगडाला काही झालं म्हणून नव्हे.

अंधेरीच्या घराच्या खिडकीतून गिल्बर्ट हिल दिसते. दिसते म्हणजे काय, दोन टॉवरच्या फटीतून तिचा एक काळा पट्टा दिसतो. पहिल्या रविवारी दूध आणायला निघालो तो गल्लीबोळ विचारत सरळ तिच्या पायथ्याशी गेलो. वस्तीच्या मधोमध, पत्र्यांच्या छपरांना खेटून, दोनशे फुटांचा कातळ सरळ उभा. नुसता कातळही नव्हे; जाडजूड खांबांची मोळी बांधून उभी करावी तसा. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ, तिथे जायला दगडात खोदलेल्या पायऱ्या. मी वर गेलो नाही. खालीच एका घराच्या मागे, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आडून हात लावता येईल अशी जागा होती. तिथल्या मावशींनी "काय शोधताय?" असं विचारलं. काय सांगणार? "काही नाही, बघतोय," म्हणालो आणि तळवा टेकवला. सकाळचे साडेसात, तरी दगड गार होता आणि खरखरीत होता.

पाट्याचाच दगड.

मग मी जे करतो तेच केलं; वाचत बसलो. खंडाळ्याच्या घाटात गाडीतून दिसणारे थरावर थर, अजिंठ्याचा आणि घारापुरीचा कातळ, आमचा पाटा, हे सगळं एकाच पिठाचं, हे शाळेत भूगोलाच्या तासाला कानावरून गेलेलंच होतं: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, दख्खनचं पठार झालं, दोन गुण. पण आता ते वेगळं लागलं. हा लाव्हा चित्रातल्यासारखा डोंगराच्या तोंडातून उडाला असं फारसं नव्हतं. लांबच लांब भेगांतून तो उतू जाणाऱ्या दुधासारखा पसरला, थिजला, मग काही हजार वर्षांनी पुन्हा पसरला. आज जे उरलंय तेच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. गिल्बर्ट हिल या सगळ्या कारभाराच्या शेवटाकडची, बहुधा सहा कोटींच्या आसपासची. जाड लाव्हा सावकाश निवतो तेव्हा आक्रसतो आणि आक्रसताना तडकतो, आटलेल्या तळ्याचा चिखल तडकतो तसा. त्या भेगा आत आत जात राहिल्या की पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. तडे गेले म्हणून तो कातळ इतका देखणा आहे. आजूबाजूचा बराचसा खाणवाल्यांनी फोडून नेला आणि हा एक सुळका तेवढा उरला. २००७ साली महापालिकेने त्याला वारशाचा दर्जा दिला. फोडलेला कुठे गेला असेल? रस्त्यांच्या खडीत, इमारतींच्या पायांत. आणि त्या पत्र्यांच्या घरांच्या जोत्यांत तर मला तो दिसलाच.

या लाव्ह्याची चूल मात्र इथे नाही, हे मला माहीत नव्हतं. ती अजून हिंदी महासागरात आहे, रियुनियन बेटाखाली, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांच्याही पुढे, आणि अधूनमधून धगधगते. आपण तिच्यावरून सरकत आलो. पापड जाळावर धरून सरकवत नेला की जाळ जागच्या जागी राहतो आणि पापडावर मात्र डागांची ओळ उठते, तसं. सगळ्यात मोठा डाग म्हणजे दख्खन. मग लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, अशी ती ओळ थेट चुलीपर्यंत जाते. त्याच सुमाराला आपल्या पश्चिमेचा एक तुकडा तुटून गेला, तो आज सेशेल्स म्हणून समुद्रात बसलाय. त्या तुटण्याची खूण आपल्या अंगावरही आहे. घाटातले थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या पश्चिमेला तेच थर समुद्राकडे कलतात. जमीनच जणू कडेला वाकली. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं त्याच पट्ट्यातली. लहानपणी गणेशपुरीला आई त्या पाण्यात पाय बुडवून "बाबांची कृपा" म्हणायची आणि मी पाय भाजला म्हणून भोकाड पसरायचो.

आपण दक्षिणेकडून आलो हे कळलं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण त्यातला अर्धा प्रयोग आम्ही चाळीतल्या पोरांनी केलेला होता. तुटक्या स्पीकरचं लोहचुंबक कुठून तरी मिळायचं, ते सुतळीला बांधून आम्ही दादरच्या चौपाटीच्या वाळूतून ओढत न्यायचो. वर काढलं की त्याला काळी दाढी फुटलेली असायची. बारीक, चकचकीत, पावडरीसारखे कण. बोटाने काढले तर बोटाला चिकटणारे आणि चड्डीला पुसले तर धुण्यातही न जाणारे. ते कण म्हणजे याच काळ्या दगडातलं लोहखनिज, झिजून समुद्रापर्यंत आलेलं. लाव्हा थिजून दगड झाला आणि निवत गेला, तेव्हा या कणांचं चुंबकत्व त्या जागी पृथ्वीचं चुंबकत्व जसं होतं त्या दिशेला आणि तेवढ्या कलाने लागलं आणि दगडात गोठलं. विषुववृत्तावर सुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी ती कलत जाते; म्हणजे कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते निघतं. १९५० च्या दशकात दख्खनचे दगड असे मोजले गेले. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. कल मुंबईच्या अक्षांशाशी जुळेना. तो विषुववृत्ताच्या पार दक्षिणेकडचा निघाला. खंडं सरकतात म्हणणाऱ्या वेगेनरला लोक १९१२ पासून हसत होते. तो १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात गेला, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आमच्या पाट्याचे भाऊबंद उभे राहिले. मुंबईत बाहेरून कोण आलं यावर इथे एक विनोद होऊ शकतो. तो कुणीही करेल, म्हणून सोडून देतो.

याच कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. पुढे शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ट्रामने सुया थरथरणार, म्हणून १९०४ साली वेधशाळा उचलून अलिबागला नेली. तिथली इमारत बांधायला इथला दगड चालणार नव्हता, तो स्वतःच चुंबकी. म्हणून पोरबंदरी दगड आणला. मला हे वाचून फार गंमत वाटली. म्हणजे कोकणात, काळ्या कातळावर बसून, काळा दगड न वापरता घर बांधायचं, का, तर दगडाच्या आठवणी मध्ये मध्ये बोलतात.

आणि हे सरकणं थांबलेलं नाही. आशियाला धडक बसून हिमालय उठायला लागल्याला पाच कोटी वर्षं झाली तरी आपला भूखंड अजून ईशान्येला रेटतोच आहे, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. पूर्वी याच्या तिप्पट वेगाने जायचा, आता जरा दमलाय. पाच सेंटिमीटर हा आकडा मला काही केल्या पोचेना. शेवटी कागदावर हिशोब मांडला. आई १९६४ साली वरळीला आली. साठ वर्षं. साठ पाचे तीनशे. तीन मीटर, म्हणजे दहा फुटांना दोन इंच कमी. आमची खोली दहा बाय सोळाची. म्हणजे आईच्या अख्ख्या संसारात मुंबई खोलीच्या रुंदीइतकी सरकली. मोरीच्या भिंतीपासून कपाटाच्या भिंतीपर्यंत. त्या दहा फुटांत आम्ही पाच जण झोपायचो आणि पाहुणा आला की सहावा. तेवढ्या अंतरासाठी कधी कुणी कुणाच्या अंगावरून गेलं नाही असा दिवस आठवत नाही.

हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरकत आसंल. एकदा तर मी बघितलंय."

ती कोयनेबद्दल बोलत होती. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. त्या पहाटे वरळीच्या खोलीत तिला जाग आली ती मांडणीवरच्या पेल्यांच्या आवाजाने. आधी वाटलं मांजर. मग लोंबकळणारा बल्ब हलताना दिसला. सगळी चाळ जिन्यावरून खाली धावली, कुणी पोरं उचलली, कुणी देव. आईने काय उचललं? ती दर वेळी वेगळं सांगते. या वेळी म्हणाली, पाण्याचा तांब्या. खाली पटांगणात थंडीत उभ्या असताना कुणी तरी म्हणालं, साताऱ्याकडे काही तरी झालं. तिथून पुढे दोन दिवस माहेरची खबर नाही. तिसऱ्या दिवशी मामा स्वतःच आला, धुळीने पांढरा, आणि दारातच म्हणाला, "मानसं हायत, घर न्हाय." कोयनानगरच्या भागात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली होती. हा प्रदेश घट्ट कातळाचा, इथे भूकंप व्हायचा नाही अशी तोवर समजूत. आता त्या भूकंपाचं नाव जगभर धरणाच्या पाण्याबरोबर घेतलं जातं: उत्तरेकडून भूखंडावर येणारा दाब जुन्या भेगांमध्ये साठलेलाच होता, जलाशय भरला, पाणी आत झिरपलं आणि भेग सुटली. तिथे अलीकडे गोठणे गावात तीन किलोमीटर खोल भोक पाडून आत बघितलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटरभर आपला काळा दगड, त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट. आईला या सगळ्यात रस नव्हता. "वाडा पडला तेव्हा आमच्या आईचा पाटा सापडला ढिगाऱ्यात," ती म्हणाली. "त्यावर भिंत पडली होती. काय झालं नाय त्याला."

मी गप्प बसलो.

वरळीला पुन्हा जाणं झालं ते चार महिन्यांनी, पायाचं काम सुरू झाल्यावर. जायचं काही कारण नव्हतं. कसल्याशा कागदावर सही राहिली होती, ती कुरियरनेही झाली असती. बसमधून जाताना बेडकांचा विचार करत होतो. वरळीच्या टेकडीत, दोन लाव्ह्यांच्या थरांच्या मध्ये, काळपट गाळाचा एक थर आहे. त्यात बोटाच्या पेरांएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले, आणि कासवाचे अवशेषही. १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने, 'डायनासोर' हा शब्द घडवणाऱ्या त्याच माणसाने, या बेडकांचं वर्णन छापलं. म्हणजे एक लाव्हा थिजला, त्यावर पाऊस पडला, गोड्या पाण्याचं तळं झालं, शेवाळ धरलं, बेडूक आले, रात्रभर ओरडले असतील, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना ती जमीन कायमचीच वाटली असणार. मग पुढचा लाव्हा. चाळीत पावसाळ्यात पटांगणात पाणी तुंबलं की बेडकांचा असा काही गोंगाट व्हायचा की वडील तिसऱ्या मजल्यावरून चप्पल फेकायचे. एक चप्पल तर परत मिळालीच नाही.

चाळीच्या जागी पत्र्यांचं कुंपण, आत मोठा खड्डा. आमचं घर कुठे होतं ते हवेत बोट दाखवून सांगावं लागलं असतं. साइटवरचा इंजिनियर तरुण होता, नगरचा. मी इथला जुना रहिवासी म्हटल्यावर त्याने मला हेल्मेट दिलं आणि चहा मागवला. पाडकामाचं डेब्रिज कुठे गेलं, मी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं. "ते केव्हाच गेलं काका. भरावाला." कुठल्या? त्याने खांदे उडवले. बरोबर आहे. वरळीची खिंड बुजवून समुद्र हटवला तेव्हापासून या शहरात कुणाचा ना कुणाचा दगड कुठल्या ना कुठल्या भरावात जातोच आहे.

मग त्याने मला कोअर बॉक्स दाखवले. शेडमध्ये लाकडी पेट्या मांडल्या होत्या, आत खाचा, आणि खाचांमध्ये बोअरिंगमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या ओळीने निजवलेल्या. पेटीच्या कडेला मार्करने खोली लिहिलेली. "वर भराव, मग हा मुरूम, आणि साडेसहा मीटरला हार्ड रॉक," तो अभिमानाने म्हणाला, जणू त्यानेच तो तिथे ठेवला होता. कांड्या धुळीने राखाडी दिसत होत्या. त्याने पाण्याची बाटली उघडली आणि एका कांडीवर धार सोडली. दगड क्षणात काळाभोर झाला आणि त्यात पांढरे ठिपके उमटले. "हे काय?" मी विचारलं, उत्तर माहीत असून. लाव्ह्यातल्या हवेचे बुडबुडे, नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यात खनिजं भरली, असं त्याने सांगितलं. खोबरं नव्हतं तर. पन्नास वर्षं मी त्यावर राहिलो होतो, तीन मजले आणि साडेसहा मीटर वर.

एक कांडी तुटकी होती, वीतभर. टेस्टिंगचे तुकडे आधीच गेलेत, ही न्या हवी तर, म्हणाला. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली. येताना बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवली तर पँटवर ओला गोल डाग पडला.

घरी आई बाल्कनीत लसूण सोलत बसली होती. तिला हल्ली बारीक दिसत नाही. मी कांडी धुतली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही तळव्यांत धरली, एकदा गोल फिरवली, अंगठ्याने लांबीभर चाचपली, मग ताटातल्या लसणाच्या पाकळीवर ठेवून थोडी पुढेमागे लोटून पाहिली. ताटात ती नीट लोळेना. लसणाचा वास सुटला.

"वरवंटा बारीक हाय रं हा," ती म्हणाली. "आन् टाकी लावाय पायजे. पाटा कुठं ठेवलास?"